बारा नग

ताई, मी तुला खाडीपलीकडे विसरून आलो होतो, आणि तुझ्या जागी कांद्याची एक माळ मोजून घेतली होती.

एवढं एकदा कबूल करून टाकलं की पुढचं आपोआप लिहून होईल, असा माझा अंदाज होता. हे वाक्य लिहून मी उठलो, माठातलं पाणी प्यालो, कूलरच्या टाकीत डोकावून आलो, बायकोला 'विमल, विमल' अशी उगाच दोनदा हाक मारली आणि पुन्हा येऊन बसलो. तू गेलीस त्याला आज सतरावा दिवस. तेरवीला आलेली माणसं आपापल्या गावी पोचली. तुझ्या शाळेनं पेपरात चार ओळी दिल्या. त्यात तुझा जन्म आहे, शिक्षण आहे, मौद्याच्या शाळेतली वर्षं आहेत, आणि एक फोटो आहे. गृहपाठ न केल्याबद्दल तुलाच बाकावर उभं केलंय, असा चेहरा आहे त्यात तुझा. त्या चार ओळींत जे आहे ते मी इथे लिहीत नाही. ते बरोबरच असणार, कारण ते मी तपासलेलं नाही.

माझी नोकरी तुला माहीत आहे. छापखान्यात प्रूफं तपासायची. गळलेलं अक्षर, सुटलेला शब्द, खाली राहिलेली ओळ पकडायची, आणि त्याबद्दल महिन्याच्या महिन्याला पगार घ्यायचा. असा मी, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, दोन पोरींचा बाप, डोळे शाबूत असलेला, एक अख्खी सख्खी बहीण गाळून पुढच्या पानावर गेलो. तू हे वाक्य वीस वर्षं लोकांना ऐकवलंस. आता ते माझ्याकडे आलं आहे, आणि ते मला तुझ्याइतकं चांगलं म्हणता येत नाही.

सुरुवात बाबांपासूनच करायला पाहिजे. बाबांची सगळी हयात स्टेशनवरच्या पार्सल ऑफिसात गेली. तिथे माणूस माणूस नव्हता आणि टोपली टोपली नव्हती, सगळे नग. संत्र्यांच्या पेट्या अमुक नग, विणकरांचे गठ्ठे तमुक नग. घरून कुठे निघायचं म्हटलं की तेच. माणसं आणि सामान वेगवेगळं मोजलं की घोळ होतो, हा त्यांचा सिद्धान्त. म्हणून एकच आकडा. आई एक नग, वळकटी एक नग, तू एक नग, फिरकीचा तांब्या एक नग. आणि दुसरा नियम याहून कडक: निघताना जेवढे नग, परतताना तेवढेच. वाटेत काही घेतलं तर ते आहे त्या पिशवीत कोंबायचं, नवा नग तयार होता कामा नये. एकदा काटोलहून येताना कोणीतरी आईला कोहळा दिला होता, आठवतं? तो पिशवीत मावेना. बाबांनी छत्री वळकटीत घुसवली, कोहळा छत्रीच्या जागी मोजला आणि आकडा तोच ठेवला. गाडीभर लोक हसले. तू हसली नाहीस. तू त्या कोहळ्याकडे पाहून म्हणाली होतीस, "याचं नशीब पाहा. चढला नाही तोच घरातला झाला."

बाबा निवृत्त झाले आणि त्या वर्षीच्या रेल्वेच्या पासावर त्यांनी समुद्र काढला. आपल्या घराण्यात समुद्र पाहिलेलं कोणी नव्हतं. ऑफिसातल्या कोणाच्या तरी ओळखीनं कुलाबा जिल्ह्यातल्या एका खाडीकाठच्या गावात आठ दिवसांसाठी दोन खोल्या मिळाल्या. गावाचं नाव लिहीत नाही. तिथल्या लोकांच्या मी अजून लक्षात असेन, अशी मला भीती आहे.

पहिल्याच दिवशी मी वाळूवर सतरंजी अंथरली, चांगली टणक, ओलसर, थंडगार जागा पाहून. तू म्हणालीस, "वसंता, इथं ओल काहून आहे?" मी तुला समजावलं. आपल्या शुक्रवारी तलावाचं पाणी मे महिन्यात मागे सरतं तसंच हे सरलं आहे, आता काही मृगाशिवाय परत यायचं नाही. तासाभरानं आपण सगळे पळत होतो आणि पुडाच्या वड्यांचा डबा झाकणासकट हिंदकळत समुद्रात चालला होता. आई किनाऱ्यावर उभी राहून त्या डब्याला हाका मारत होती. बाबांनी ताबडतोब मोजणी केली. एक नग कमी. त्या रात्री ते जेवले नाहीत. खरं म्हणजे जेवायला डबाच नव्हता.

त्यानंतरही मोजणीचं काम माझ्याकडेच राहिलं, कारण बाबांच्या डोळ्यांत तोवर मोतीबिंदू उतरला होता. आपल्या घराची व्यवस्था अशी होती, ताई. ज्याला दिसत नाही तो मालक, आणि ज्याला दिसूनही दिसत नाही तो कारभारी.

पण समुद्र हे निमित्त होतं, हे मला आणि तुला दोघांनाही माहीत होतं. बाबांच्या कोटाच्या आतल्या खिशात एक आंतरदेशीय पत्र होतं. लिहून तयार, फक्त डकवायचं बाकी. तुझ्यासाठी स्थळ म्हणून आलेले उमरेडचे ते गृहस्थ. बायको वारलेली, दोन मुलं, लोखंडी सामानाचं दुकान, स्वभावानं चांगले, असं सगळेच म्हणत होते. अट एकच: नोकरी सोडायची. तू एकतीस वर्षांची होतीस. रोज सकाळी मौद्याच्या एस.टी.त उभी राहून जायचीस आणि संध्याकाळी पदराला खडूची पूड घेऊन यायचीस. तू बाबांना हो म्हटलं नव्हतंस आणि नाहीही म्हटलं नव्हतंस. बाबांच्या तोंडावर नाही म्हणणं आपल्या घरात कोणाला जमलं होतं? त्यांनी आवाज चढवला असता तर सोपं होतं. ते नुसते गप्प बसायचे आणि चष्मा पुसायचे.

सहाव्या दिवशी बाबा म्हणाले, "उद्या आपण लाँचनं पलीकडे जाऊन येऊ. देवदर्शन होते, बाजार होते. संध्याकाळी परत आलो की चहाच्या वेळेस तू मले सांग वं. जे असंल ते. परवा सकाळी टपाल निघते."

"बरं," तू म्हणालीस.

तुझं ते 'बरं' मी ऐकलं होतं. मला ते हो वाटलं. मी विमलला म्हटलंही, "जमलं वाटते." ती भाकरी थापत होती. तिनं थापायचा हात जरा जोरात मारला, एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी आपण निघालो ते बारा नग. बाबा, आई, तू, मी, विमल, दोघी पोरी, हे सात. पिशवी, नवा डबा, तांब्या, छत्री, सतरंजी, हे पाच. पोरींना लाँच म्हणजे पाण्यावरची एस.टी. वाटली. धाकटी सारखी विचारत होती, कंडक्टर कुठे आहे. तू रेलिंगला धरून उभी होतीस. वाऱ्यानं तुझे केस सुटले आणि तू ते बांधले नाहीस. घरात तू केस सुटे ठेवलेले मी कधी पाहिले नव्हते. मला वाटलं, पिना सापडत नसतील. मी तुला तसं विचारलंसुद्धा. तू माझ्याकडे असं पाहिलंस जसं वर्गातल्या शेवटच्या बाकाकडे पाहतात.

पलीकडे देऊळ झालं, जेवण झालं, बाजार झाला. तिथे एक म्हातारी पांढऱ्या कांद्यांच्या माळा घेऊन बसली होती. कांद्याची पात वेणीसारखी गुंफलेली, त्यात छोटे छोटे मोत्यासारखे कांदे. आई म्हणाली, हे घ्याच, नागपूरच्या उन्हात खिशात ठेवायला बरे. म्हातारीला ते काही कळेना. कांदा खायचा सोडून खिशात कशाला? तू तिच्याजवळ खाली बसलीस आणि तिला समजावून सांगितलंस की आमच्याकडे मे महिन्यात कांदा खिशात घातल्याशिवाय माणूस घराबाहेर पडत नाही, ऊन बाधू नये म्हणून. ती खो खो हसली. म्हणाली, "येडी गो माणसां!" मग तिनं तुला माळ गुंफायला शिकवलं. आम्ही सावलीत आडवे झालो, आणि तू तासभर तिथे बसून पातीच्या वेण्या घालत होतीस. अधूनमधून बोलणं ऐकू यायचं. ती एकटीच राहते, मुलगा मुंबईला असतो, असं काहीतरी.

एक माळ घेतली आणि नियमाप्रमाणे मी ती पिशवीत कोंबली. ही गोष्ट नीट लक्षात ठेव. मी ती माझ्या हातांनी पिशवीत घातली होती आणि वरून बंद बांधला होता. पुढची वीस वर्षं मी याच एका गोष्टीवर अडून राहिलो.

पाचच्या शेवटच्या लाँचला ही गर्दी. ओहोटी लागली होती. लाँच चालवणारा तांडेल ओरडत होता, "चला, चला, पाणी चाललं!" मी तिकिटं घेऊन आलो आणि फळीजवळ उभा राहिलो. जो नग पुढून जाईल त्याला बोट लावायचं आणि आकडा म्हणायचा. बाबा एक. आई दोन. पोरी तीन, चार. विमल पाच. पिशवी सहा, डबा सात, तांब्या आठ, छत्री नऊ, सतरंजी दहा. मग माझ्या बोटाखाली काहीतरी कोरडं, खरखरीत, गोल गोल लागलं. अकरा. आणि मी स्वतः बारा.

"बारा!" मी ओरडलो.

"भरले?" आतून बाबांचा आवाज.

"भरले, बाबा!"

लाँच सुटली. इतका बिनचूक आकडा माझ्या आयुष्यात पुन्हा आला नाही.

बायका पुढच्या बाजूला, आम्ही पुरुष मागे. आईला मळमळत होतं म्हणून ती विमलच्या मांडीवर डोकं ठेवून, तोंडावर पदर घेऊन पडली होती. पोरी पेंगल्या होत्या. उतरल्यावर मी पुन्हा मोजलं. पुन्हा बारा! बाबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. वाटेनं बायका पुढे, आम्ही मागे, आणि बाबा मला भरती-ओहोटी समजावून सांगत होते, जी त्यांना स्वतःला सहा दिवसांपूर्वी डब्याबरोबर कळली होती. खिशावर हात ठेवून ते चालत होते. पत्राच्या खिशावर.

घरमालकिणीनं चहा आणला. सात कप. बाबा ताठ बसले, चष्मा पुसला, घातला. एक एक कप उचलला गेला. ट्रेमध्ये एक कप राहिला. त्याच्यातून वाफ निघत होती. सगळे त्या कपाकडे पाहत होते, म्हणजे तुझ्या उत्तराकडे.

थोरली म्हणाली, "आत्या कुठं आहे?"

ताई, त्या क्षणाबद्दल मी तुला नेहमी गंमत करून सांगितलं. बाबा कसे उठून उभे राहिले, आई कशी "अवं माय" म्हणून खाली बसली, मी कशी सतरंजी झटकून पाहिली जणू तू तिच्यात गुंडाळली गेली असशील. पण एक गोष्ट मी गाळली. मी पळत धक्क्याकडे निघालो तेव्हा तू बुडाली असशील हे माझ्या मनात येऊन गेलं होतं. बहीण हरवली तेव्हा मी आकडा ओरडत होतो. हे मी तुला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू हसण्यावारी नेलं असतंस, आणि ते मला चाललं नसतं.

धक्क्यावर पाणी खूप खाली गेलं होतं. समोरचा काठ दिसत होता, दिवे लागायची वेळ. लाँच आता सकाळीच, असं तिकीटवाला म्हणाला. मी विचार केला, निम्मं पाणी तर गेलंच आहे. आपल्याकडे तलाव आटला की माणूस मधून चालत जातो. मी धोतर खोचलं आणि उतरलो. चार पावलांवर गुडघ्यापर्यंत गेलो, सहाव्या पावलाला कमरेपर्यंत. चपला तिथेच राहिल्या, अजून असतील. एक कोळी वरून शांतपणे पाहत होता. म्हणाला, "पावनं, गाल हाय तो. गल्यापर्यंत जाल न् मंग इचाराल, लाँच कंदी." त्यानं दोर टाकला आणि मला ओढून काढला. मी त्याला म्हटलं, माझी बहीण पलीकडे राहिली. तो म्हणाला, "मंग? पलीकडं बी मानसंच ऱ्हातान."

रात्रभर कोणी झोपलं नाही. एक आई सोडून. ती घोरत होती. आम्हाला वाटलं, धक्का बसल्यामुळे असं होत असेल.

सकाळच्या लाँचमधून तू उतरलीस. केसांत अबोलीचा गजरा, हातात एक ओबडधोबड कांद्याची माळ, तू स्वतः गुंफलेली, आणि चेहरा असा की मला आधी दुसरीच कोणी बाई वाटली. फळीवरून येतायेताच मला म्हणालीस, "काय रे, किती भरले?"

बाबा पुढे झाले. "बरी आहेस ना वं?"

"बरी आहे. त्या म्हातारीकडे होती. भाकर-कालवण खाल्लं, झोपली, उठली." मग अगदी वर्गात हजेरी घ्यावी तशा आवाजात तू म्हणालीस, "बाबा, उमरेडला नाही कळवा. मी नोकरी नाही सोडत."

"काहून?"

"मले नाही जमणार, बाबा."

"अवं, पण काही कारण?"

"हेच कारण."

बाबांनी चष्मा काढला. पुसला नाही, नुसता हातात धरून खाडीकडे पाहत राहिले. शेवटी ते माझ्याकडे वळले, आणि त्यांना चष्म्याशिवाय मी नीट दिसत नसणार, पण मोठ्या अचूकपणे म्हणाले, "तू नीट मोजलं असतं ना वसंता, तर पोरीचं घर वसलं असतं."

त्या दिवसापासून आपल्या घरात दोष माझा. उमरेड मोडलं कोणामुळे? वसंतामुळे. त्याला मोजता येत नाही. बाबांनी मोजणीचं काम माझ्याकडून काढून विमलला दिलं आणि ते जाईपर्यंत तिच्याकडेच ठेवलं. तिचा आकडा एकदाही चुकला नाही. आणि बाबांनी तुला मात्र एका शब्दानं टोचलं नाही. रागवायला त्यांना मी आयता मिळालो होतो. पुढच्या महिन्यात त्यांनीच तुझ्यासाठी एस.टी.चा पास काढून आणला, आठवतं? टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "उभ्यानं जात नको जाऊ, आधीची गाडी पकड."

तेव्हापासून तुझं ते सुरू झालं. घरून निघताना दारात उभी राहायचीस आणि म्हणायचीस, "मोज मले." मी म्हणायचो, "एक." "बरोबर," आणि जायचीस. पाहुण्यांसमोर, जावयांसमोर, भर लग्नाच्या मांडवात. "मोज मले." सुरुवातीला मला चीड यायची. नंतर तू विसरलीस तर मीच दारात घुटमळायचो.

आणि आपलं भांडण. मी म्हणायचो, ताई, माझ्या एका चुकीनं तुझं आयुष्य सुटलं, तू माझे आभार मानायला पाहिजेत. तू म्हणायचीस, तुझ्या चुकीचा काही संबंध नाही, मी तशीही नाहीच म्हणणार होती. मी म्हणायचो, मग तोंडावर का नाही म्हटलंस? तू म्हणायचीस, चहा गार होऊन राहिला. मी म्हणायचो, आणि ती माळ पिशवीतून बाहेर कशी आली? मी बंद बांधला होता! तू म्हणायचीस, "कांद्याले पाय फुटले असतील, नागपूरले यायचं होतं त्याले." वीस वर्षं आपण या चार वाक्यांवर भांडलो. कधी पाचवं वाक्य आलं नाही. मला खरं म्हणजे विचारायचं होतं, ताई, त्या रात्री तिथे तुला भीती वाटली का? आणि पुढे तू मौद्याला खोली घेतलीस तेव्हा, तिथे एकटीनं स्वैपाक करताना, उमरेडची आठवण आली का? विचारलं नाही. विनोद करणाऱ्या माणसाची हीच पंचाईत असते, त्याला साधा प्रश्न विचारायला तोंडच राहत नाही.

दवाखान्यात, त्या शेवटच्या सोमवारी, मी हिंमत केली. म्हटलं, "ताई, आता तरी सांग. तू मुद्दाम थांबली होतीस का?"

तू डोळे मिटूनच हसलीस. म्हणालीस, "तुझी बायको काय म्हणते?"

मला वाटलं, औषधाची गुंगी आहे. मी विषय बदलला. निघताना तू हात वर केलास, दोन बोटांएवढाच, आणि म्हणालीस, "मोज."

"एक," मी म्हटलं.

"बरोबर. शिकला."

बुधवारी घाटावर निघताना भर दुपारचं ऊन होतं. विमलनं माझ्या खिशात कांदा घातला. तिथे सगळे विधी करताना तो मांडीला टोचत होता. मला त्याचा राग येत होता आणि आधारही वाटत होता. लोक म्हणाले, वसंतराव रडले नाहीत. घरी येऊन खिसा रिकामा करताना रडलो. कांद्यानं डोळ्यांत पाणी आलं म्हणून सांगायची सोय होती.

तर आज सकाळी, हे पहिलं वाक्य लिहून झाल्यावर दुसऱ्यांदा उठलो तो स्वैपाकघरात गेलो. विमल खाली बसून गहू निवडत होती. म्हटलं, ऐक, ताईवर लिहून राहिलो. आणि वाचून दाखवलं. मी तुला खाडीपलीकडे विसरून आलो होतो, आणि तुझ्या जागी कांद्याची एक माळ मोजून घेतली होती.

तिनं ताटातला एक खडा उचलून बाजूला टाकला. "चूक आहे."

"काय चूक आहे?"

"तुम्ही नव्हते विसरले. ती माळ मी काढली होती पिशवीतून."

मी तिच्यासमोर खाली बसलो.

"कधी?"

"तुम्ही तिकिटाले गेले होते तेव्हा. ताई म्हणाल्या, विमल, मले एक रात्र पाहिजे. कोणी 'काय ठरलं वं' म्हणून विचारणार नाही अशी एकच रात्र. मग सकाळी मी बाबांले तोंडावर सांगतो. म्हातारी म्हणे, राहू दे तिले माझ्यापाशी. आता राहावं कसं? तुमचे नग आडवे. मग मी माळ काढली आणि सतरंजीच्या मागून तुमच्या बोटाखाली धरली."

"आणि आई?"

"आईंनीच तर सुचवलं, मी पडून राहतो, म्हणजे बायकांकडे कोणी पाह्याले येणार नाही म्हणून. त्यांना कुठची मळमळ! पदराआड हसून राहिल्या होत्या."

म्हणजे घरातल्या बायकांनी मिळून केलं ते सगळं, आणि दोषाची टोपी वीस वर्षं मी घालून फिरलो. मौद्याला जाताना, लग्नांत, बाबांच्या शेवटच्या दुखण्यातही. मला वाटत होतं मी तुझ्या आयुष्यात निदान एक मोठी चूक तरी केली आहे. तीही माझी नव्हती. ती मोजणी बरोबर होती, आणि ती विमलची होती. मला राग यायला पाहिजे होता. आला नाही. मला एवढंच वाटलं की त्या रात्री तुला भीती वाटली नसणार. पाठीशी दोघी होत्या. वीस वर्षं छातीवर असलेलं काहीतरी खाली उतरलं, आणि ते तुला सांगायला तू नाहीस.

"मले काहून नाही सांगितलं?" मी विचारलं.

"तुमच्या पोटात काही राहते का? त्याच रात्री बाबांले सांगून बसले असते."

"बरं. पण समज मी वर पाहिलं असतं तर? बोट लावताना एकदा तोंड वर करून पाहिलं असतं, की हा माणूस नव्हे, कांदा आहे? मग?"

विमलनं ताट हलवलं, गहू एका बाजूला केले.

"मीही तेच म्हटलं ताईंले. तर त्या म्हणाल्या, 'त्याची चिंता नको करू वं. दुसरं कोणी मोजाले असतं तर मी थांबलीच नसती. वसंता आहे. त्याचे बारा भरले की तो वर पाह्यत नाही.'"